दहा गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, उपप्रश्न ब.
'मानवतेच्या कारणासाठी केलेला लष्करी हस्तक्षेप
कायदेशीर ठरतो का? सोदाहरण चर्चा करा.'
दहा गुण.

ठाण्यात, खाडीकडच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही बावीसजण पेपर तपासतो आहोत.
खिडकीतून कळव्याचा पूल दिसतो,
भरतीचं पाणी गाळावर चढताना दिसतं.
चहा साडेतीनला. पंखा कागद उडवतो
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक डस्टर.

आदर्श उत्तर टेबलावर आहे:
व्याख्येला दोन. सनदेच्या कलम दोन, उपकलम चारला तीन.
सुरक्षा परिषद, नकाराधिकार, संरक्षणाची जबाबदारी,
सगळं मिळून तीन.
समारोपाला दोन.
मुलं पाठ करून येतात. एकीकडे सार्वभौमत्व, दुसरीकडे मानवी हक्क,
मधे पट्टीने आखलेली रेघ.
मीही सव्वीस वर्षं हेच शिकवत आले,
त्या रेघेसकट.

एकसष्टाव्या उत्तरपत्रिकेत रेघ नाही.
लिहिलंय: 'माझे वडील सिग्नलमध्ये होते. निळी टोपी.
त्या देशाचं नाव ते घरात घेत नाहीत.
म्हणतात, आम्ही पोचलो उशिरा
आणि निघालोही उशिराच.
मधल्या दिवसांत वायरलेसवर एकच विचारायचो,
गोळी चालवायची परवानगी आहे का,
आणि उत्तर यायचं, थांबा, विचारून सांगतो.
एका बाईने त्यांच्या हातात शाळेची किल्ली दिली होती.
शाळेत कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही.
किल्ली आमच्या देवघरात आहे.
म्हणून माझ्या मते कायदा'

इथे घंटा झाली असावी.

समारोप नाही. दोन गुण गेले.
लाल पेन तसंच हातात राहिलं
आणि वर्तकनगर आठवलं,
म्हाडाची इमारत, मधली भिंत इतकी पातळ
की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायचो.
शिट्ट्या, आणि हेमांगीचं ओरडणं.
सोसायटीची बैठक झाली. ठराव झाला नाही.
गोडांबे म्हणाले, नवराबायकोचा मामला.
पोलीस म्हणाले, तिने स्वतः येऊन सांगू दे.
ती कशी येणार, तो बाहेरून कुलूप लावून जायचा.
एका रात्री तो आत असताना ओरडणं थांबलं.
ते थांबणं ऐकून आल्मेडाने पहार काढली.
पहिला घाव त्याचा.
दुसरा माझा. हो, माझा.

ती जिवंत होती. आजही आहे.
हे आधी लिहायला हवं होतं,
आदर्श उत्तरात याला गुण नाहीत.

मग त्याला घेऊन गेले, आम्ही एकमेकांना शाबासकी दिली,
आपापल्या घरी जाऊन झोपलो.
दार कोणीच बसवून दिलं नाही.
सात महिने ती चौकटीला चादर लावून राहिली
आणि जिन्यावरून जाणारा येणारा
चादर जरा सारून विचारायचा, सगळं ठीक ना?
आल्मेडा विचारायचा. मी विचारायचे.
गोडांबेही विचारायला लागले.
गोडांबे जरा जास्तच वेळ विचारायचे.
एकदा मेथी निवडताना ती मला म्हणाली,
'ताई, आत कसं शिरायचं याची तुम्ही मीटिंग घेतलीत.
बाहेर कधी पडायचं, याची?'
आणि देठं कागदात गुंडाळून
केराच्या डब्यात टाकायला उठली.

पलीकडच्या टेबलावरून विचारतात, झाला का गठ्ठा?
मी सहा दिले.
मग सहा खोडून आठ केले,
दोन त्या न लिहिलेल्या समारोपाचे.
खाडाखोड केली की शेजारी पूर्ण सही करायची,
तारीख घालायची,
कुणी विचारलं तर कारण द्यायचं:
आमच्याकडे असा नियम आहे.
सही केली. तारीख घातली.
कारण कुणी विचारलं नाही.

खाडीचं पाणी ओसरायला लागलं होतं,
गाळात कुणाची तरी होडी तिरकी होऊन रुतलेली.
बासष्टावी उत्तरपत्रिका. प्रश्न चौथा, उपप्रश्न ब.
'एकीकडे सार्वभौमत्व